जोतिबाकडची भिंत

कोल्हापूरहून नागपूरला परतले तेव्हा शेजारच्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. चप्पल आणली नव्हती. मग पिशवीकडे बघितलं. मसालाही नव्हता. पाच दिवस राहून हातात काहीच नाही म्हटल्यावर विचारणा झाली, मग गेली कशाला होतीस? दारात उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

गेले होते कामाला. मी सिव्हिल इंजिनिअर. बावीस वर्षं पुलांच्या आणि इमारतींच्या साइटवर काढली, मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. ही कंपनी बांधकामवाल्यांसाठी अ‍ॅप करते. इमारतीचे नकाशे, फोटो, जमिनीत काय गाडलं, भिंतीत काय बदललं हे सगळं एका ठिकाणी ठेवायचं आणि साइटवरच्या प्रत्येकाला आपापल्या फोनवर तेच दिसायचं, एवढीच कल्पना. माझं काम गावोगावी जाऊन हे शिकवण्याचं, म्हणजे खरं तर माणसांकडून माहिती काढून घेण्याचं. माणूस तुम्हाला पोटभर जेवू घालतो, घरातली चांगली चादर अंथरून देतो, पण स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट द्यायची म्हटली की गप्प होतो. याचा मी पुरेसा अनुभव घेतला आहे, आणि त्याबद्दल चिडण्याचंही आता सोडलं आहे.

गुरुवार, शाहूपुरी

मला बोलावणारे बिल्डर धनाजीराव यांचं ऑफिस शाहूपुरीत, पंपांच्या सुट्या भागांच्या एका दुकानाच्या वर आहे. मी जिना चढत होते तेव्हा वरून असा आवाज येत होता की मला वाटलं, आत मारामारी चालली आहे. आत गेले तर धनाजीराव एकटेच होते आणि फोनवर मेव्हण्याला जेवायला बोलावत होते. "येतोस का न्हाईस ते सांग. न्हाय आलास तर परत तोंड दाखवू नगंस." आमच्याकडे एवढ्या आवाजात बोललं तर दोन्ही घरं महिनाभर एकमेकांकडे जाणार नाहीत. इथे फोन ठेवताना ते प्रेमाने हसत होते.

कामाचं बोलण्याआधी त्यांनी मला मिसळ खायला नेलं. मी तर्री-पोह्यांवर वाढलेली बाई, तिखटाचं मला काय कौतुक, अशा ताठ्यात मी बसले. आमची तर्री जिभेला सरळ चटका देते. इथला रस्सा आधी गोड बोलतो, कांदा-खोबऱ्याचा वास देतो, आणि तिसऱ्या घासाला कानामागून घाम काढतो. सोबत पावाचे स्लाइस. मी दोनदा रस्सा मागून घेतला आणि माझा ताठा तिथेच उतरला.

मग धनाजीरावांनी आपलं दुखणं सांगितलं. मागच्या इमारतीच्या वेळी नकाशे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. सळई बांधणाऱ्यांकडे नवा नकाशा होता, फळ्या ठोकणाऱ्यांकडे जुना. जिना वर पोचला तेव्हा शेवटची पायरी मजल्यापासून हातभर खाली राहिली होती.

"अख्खा जिना फोडला मॅडम," ते म्हणाले. "लोकं बघायला येत होती. आता ह्या बिल्डिंगला दोन वर्षांत तीन इंजिनिअर झालं. प्रत्येक जण जाताना डोक्यातलं डोक्यातच घेऊन गेला. पायाच्या खड्ड्यापासून आजपर्यंत एकच माणूस हाय, आमचे येसबा मिस्त्री. सगळं त्यांच्या वहीत हाय. ती वही तेवढी अ‍ॅपमध्ये आणा, बाकी काय नको."

शुक्रवार, साइटवर

रंकाळा तलाव ओलांडून शहर संपतं आणि ऊस सुरू होतो, तिथे ही इमारत उभी राहते आहे. पाच मजल्यांतले तीन झाले आहेत. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यांदा गाणी लावून कारखान्याकडे जातात, आणि ते गेल्यावर रस्त्यात पडलेली कांडी उचलायला एखादी म्हैस सावकाश येते.

सध्याची इंजिनिअर प्रणाली, सहा महिन्यांपूर्वी लागलेली, हुशार मुलगी. आम्ही दोघींनी अ‍ॅप उघडलं आणि पहिला तास शब्दांवरच गेला. मी गिट्टी म्हणायची, ती खडी. मी रेती, ती वाळू. मी छपाई म्हटलं तेव्हा तिला कागद छापायचे आहेत असं वाटलं. तिच्याकडे भिंतीला गिलावा करतात. एकाच राज्यातल्या दोन इंजिनिअर बायका, आणि भिंतीला काय फासतो यावर एकमत होईना. सगळ्यांनी एकच माहिती वापरावी असं सांगत हिंडणाऱ्या बाईला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

येसबा मिस्त्री दुपारी चहाला खाली आले. साठी ओलांडलेला माणूस. पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, आणि काखेत दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली वही.

"या पावणं," ते म्हणाले. "वही मागायला आलाय न्हवं? धनाजीनं सांगितलंय. वही काय मिळायची न्हाय, च्या घ्या."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी बांधलेल्या कुठल्याशा बंगल्याची मालकीण बोलत होती. भिंतीला भोक पाडून पाण्याचं फिल्टर बसवायचं होतं. येसबांनी डोळे मिटले. वही उघडलीसुद्धा नाही.

"खिडकीच्या डाव्या अंगाला हात लावू नगासा," ते म्हणाले. "तितनं वायरी खाली उतरल्यात. उजवीकडं वीतभर सोडून मारा. आणि म्हातारी कशी हाय? बरं, बरं. येतो की एकदा."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "आठवड्याला असं चार-पाच फोन येत्यात. कुणाचं गळतंय, कुणाला भिंत पाडायची हाय. मी जातो, भिंतीवर बोटानं वाजवून सांगतो, च्या पितो, घरला येतो. आता हे समदं तुमच्या फोनात गेलं, तर मला कोण बोलवंल?"

कंपनीने अशा वेळी म्हणायची वाक्यं शिकवलेली आहेत. ती त्या माणसासमोर तोंडातून बाहेर पडली नाहीत. मग मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, मिस्त्री, मी गोंदियाकडे तीन पूल बांधले. कुठल्या खांबाखाली खडक लागला आणि कुठे नुसता गाळ लागला, कुठे आम्ही पायाची जागा बदलली, सगळं मला पाठ होतं. नोकरी सोडली तेव्हा ते कोणी लिहून घेतलं नाही. मला वाटलं, लागेल तेव्हा विचारतील.

"मग?" येसबांनी विचारलं.

"कोणी विचारलं नाही."

"एकदा बी न्हाय?"

"एकदाही नाही."

मला वाटतं, त्यांना माझी कीव आली. बशीतला उरलेला चहा त्यांनी संपवला आणि वर कामाला निघून गेले.

शनिवार, पुन्हा साइटवर

सकाळी मी पोचले तेव्हा वही माझ्या टेबलावर ठेवलेली होती. येसबा बाजूला उभे होते.

"लिवून घ्या," ते म्हणाले. "पर एक. माझं नाव पायजे. कुणी बगितलं तर येसबानं सांगितलं असं दिसाय पायजे."

मी वचन दिलं. प्रत्येक नोंदीखाली 'माहिती देणार: येसबा मिस्त्री' असं येईल हे त्यांना फोनवर करून दाखवलं. स्वतःचं नाव काचेवर उमटलेलं बघून ते गोड हसले आणि तिसऱ्या मजल्यावर कामाला गेले.

काय वही होती ती. पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या, बारीक अक्षर, कुठे सिमेंटचे डाग. उत्तर-दक्षिण असा शब्द कुठेही नव्हता. इमारतीच्या चार बाजूंना त्यांची स्वतःची नावं होती: जोतिबा अंग, शाहूपुरी अंग, बिद्री गावाकडे ते बिद्री अंग, आणि चौथीला नुसतं रस्ता. ज्या भिंतीशी उभं राहिल्यावर समोर जे येतं, ते त्या भिंतीचं नाव. प्रणालीने सांगितलं की मिस्त्री प्रत्येक साइटवर पहिल्या दिवशी मध्यभागी उभे राहतात, जोतिबाचा डोंगर कुठे आहे ते बघून हात जोडतात आणि मगच बाजूंना नावं देतात. इथले सगळे जुने मिस्त्री थोडंफार असंच करतात म्हणे. मला ते फार आवडलं. आवडण्यावर मी थांबले, हीच चूक झाली.

पानं चाळताना एक नोंद सापडली, जी कुठल्याच नकाशात नव्हती: 'जोतिबा अंगाला दुसऱ्या तिसऱ्या कॉलमच्या समोर जुना आड. दगडमाती टाकून बुजवलाय. वजन नको.' आड म्हणजे जुनी अरुंद विहीर. दोन वर्षांपूर्वी पाया खणताना येसबांना ती दिसली होती. तेव्हाचा इंजिनिअर निघून गेला आणि विहीर फक्त या वहीत राहिली. मला एकदम हुरूप आला. अशा एका नोंदीसाठी तर हे सगळं करायचं असतं.

अ‍ॅपमध्ये बाजू लिहिता येत नाही, निवडावी लागते. चारच पर्याय आहेत, चार दिशा. माझ्या फोनवरच्या नकाशात जोतिबा कोल्हापूरच्या वरच्या अंगाला दिसतो. वर म्हणजे उत्तर. मी उत्तर निवडलं.

कागदावर इमारत सरळ काढलेली असते. वरच्या भिंतीला उत्तर म्हणायचं, डावीकडच्या भिंतीला पश्चिम. जागेवर ही इमारत तिरकी उभी आहे हे मला दिसत होतं. एकदा येसबांना विचारावं असंही मनात आलं. पण ते तिसऱ्या मजल्यावर होते, आणि तीन मजले चढायचं माझ्या जिवावर आलं. दोष मी गुडघ्यांना दिला, पण खरं सांगायचं तर मला काम संपवायची घाई होती. संध्याकाळपर्यंत आडाची नोंद, येसबांच्या नावासह, सगळ्यांच्या फोनवर गेली.

त्या आनंदात मी त्यांच्याबरोबर दूध कट्ट्यावर गेले. म्हशी तिथेच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. निरसं, कोमट दूध मी आयुष्यात प्यायले नव्हते. आमच्याकडे दूध उकळल्याशिवाय आई हात लावू देत नसे. येसबा म्हणाले, "प्या की, काय हुत न्हाय." प्यायले. मिशी आली. येसबांनी दुसऱ्या दिवशी, रविवारी, आपल्या दोघा नवराबायकोबरोबर जोतिबाला येण्याचं आमंत्रण दिलं.

रविवार, जोतिबा

रविवार हा जोतिबाचा वार. येसबा तीस वर्षांत एकाही रविवारी साइटवर गेलेले नाहीत. डोंगरावर सगळं गुलाबी होतं. पायऱ्या, दगड, दुकानांच्या ताडपत्र्या, कुत्री, सगळ्यांवर गुलाल. कोणीतरी मोठ्यांदा चांगभलं म्हटलं की पुढची-मागची सगळी रांग म्हणते. येसबांची बायको शालनवहिनी माझा हात धरून चालत होत्या, कारण त्यांच्या मते नागपूरची माणसं गर्दीत हरवतात. त्यांनी माझ्या कपाळाला आणि चांगल्या पांढऱ्या कुडत्यालाही गुलाल लावला. तो अजून निघालेला नाही.

दर्शन घेऊन आम्ही सावलीत खोबरं खात बसलो तेव्हा धनाजीरावांचा मेसेज आला. पाण्याची जमिनीखालची टाकी खणायला जेसीबी आला होता. टाकी नकाशात उत्तरेला होती. 'पण अ‍ॅपमध्ये बघितलं तर तिथं आड. टाकी पश्चिमेला घेतली. मॅडम, तुमच्या अ‍ॅपनं वाचवलं.' मी येसबांना थोडक्यात सांगितलं. टाकी दुसरीकडे घेतली, वाचलो.

"माझ्या वहीनं?" येसबांनी विचारलं.

"तुमच्या वहीने."

त्यांनी बायकोकडे बघितलं. "ऐकलंस का?"

"ऐकलं की," वहिनी म्हणाल्या. "चार वेळा सांगणार हायसा आता."

अर्ध्या तासाने प्रणालीचा फोन आला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला. तीही मोठ्याने बोलत होती, पण हे कोल्हापूरचं नेहमीचं मोठ्याने बोलणं नव्हतं.

"मॅडम, जेसीबीचं मागचं चाक आडात गेलंय. पश्चिमेला. ड्रायव्हरनं उडी मारली, त्याला काय झालं नाही, पण गाडी कलंडलीय. वहीत चूक आहे, मॅडम. सगळे मिस्त्रींच्या नावानं बोलायला लागलेत. ग्रुपवर बघा."

मी ग्रुप बघायला नको होता. 'म्हाताऱ्याला आता काय आठवतंय', 'माणूस मेला असता', 'नाव बघा कुणाचं हाय खाली'. येसबांना वाचता येतं. ते माझ्या खांद्यावरून वाचत होते.

टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "मी काय लिवलंय ते वाचा," ते म्हणाले.

मी फोनमधला पानाचा फोटो उघडून वाचलं. जोतिबा अंगाला.

"बरोबर हाय. मग तुमी काय लिवलंसा?"

"उत्तर."

"उत्तर कुटनं आणलीसा?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच माहीत करून घ्यायला विचारलं.

ते उठले आणि मला कड्याच्या बाजूला घेऊन गेले. खाली उसाची हिरवी पट्टी, त्यापलीकडे धुरकट शहर, आणि त्यात रंकाळ्याचं पाणी चमकत होतं. "त्येच्या उजव्या हाताला आपली साइट," ते म्हणाले. मला काही दिसलं नाही. त्यांना दिसत होती. "आता हितनं बगितलं तर बिल्डिंगची कुटली भित आपल्याकडं तोंड करून हाय?"

मी डोळे मिटून ती तिरकी इमारत आठवली. रस्ता कुठे, जिना कुठे, शाहूपुरीची बाजू कुठे. आपल्याकडे तोंड केलेली भिंत कागदावरची वरची नव्हती. डावीकडची होती. कागदावर तिचं नाव पश्चिम. विहीर याच भिंतीकडे आहे असं त्या माणसाने दोन वर्षांपूर्वीच अचूक लिहून ठेवलं होतं. आधीसारखं सगळं चाललं असतं, तर टाकी नकाशाप्रमाणे उत्तरेला, आडापासून लांब झाली असती. मी ती हलवून विहिरीवर नेली. आणि कोणी येसबांना फोन करून विचारलं नाही, कारण खाली त्यांचं नाव होतं. विचारावं लागू नये म्हणूनच तर ती नोंद मी अ‍ॅपमध्ये घातली होती.

मला रडू आलं. मी म्हटलं, मिस्त्री, चूक माझी आहे, मला माफ करा.

"मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "मला ठावंच हाय. तिकडं सांगा."

मी फोन काढून लिहायला लागले. त्यांनी हात आडवा केला. "लिवून नगं. मगाशी लिवलंसा ते काय झालं बगितलंसा न्हवं? जाग्यावर जाऊन, तोंडानं सांगा."

परतीच्या वाटेवर गाडीत वहिनींनी माझ्या ओंजळीत खोबऱ्याचे दोन तुकडे ठेवले.

साइटवर चाळीसएक माणसं जमली होती. जेसीबी मागचं चाक जमिनीत रुतवून, पुढचा पंजा वर करून उभा होता. आम्ही उतरलो तसे सगळे येसबांकडे बघायला लागले. तीस वर्षांत या माणसाकडे कोणी असं बघितलं नसेल. ते मान खाली घालून मातीकडे बघत उभे राहिले. मी गुलालाने माखलेली बाई ढिगाऱ्यावर चढले. गुडघे तेव्हा काही दुखले नाहीत.

म्हटलं, मिस्त्रींच्या वहीत आड याच जागी लिहिला आहे. मी तो फोनवर चुकीच्या बाजूला लिहिला. त्यांना विचारायला हवं होतं, मी जिना चढायचा कंटाळा केला. त्यांचं नाव खाली आहे, पण चूक माझी आहे. पानाचा फोटो उघडून फोन प्रणालीच्या हातात दिला. तिने तो मोठ्याने वाचला.

मग जेसीबीचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमी जिना चढला न्हाईसा, म्हणून मी आडात उतरलो की." लोक हसले. मी हसू शकले नाही. धनाजीरावांनी मात्र मला चांगलं फैलावर घेतलं, सगळ्यांसमोर, आणि मी ऐकून घेतलं. मग ते येसबांजवळ जाऊन उभे राहिले. येसबांनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, "दुसरा जेसीबी बोलवा. आणि फळ्या आणा, जाड." पुढचे दोन तास तिथे फक्त त्यांचाच आवाज चालला. गाडी बाहेर आली.

सोमवार

दुसऱ्या दिवशी धनाजीरावांनी साइटवर जेवण घातलं. स्लॅब पडला, म्हणजे छत ओतून झालं, की इथे मटणाचं जेवण घालतात. स्लॅब काही पडला नव्हता. "माणूस पडला न्हाय, ते काय कमी हाय का," असं त्यांचं म्हणणं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. आमचं सावजी मटण खाताना माणूस बोलू शकत नाही. इथे तांबड्याने तोंड पेटलं की पांढरा प्यायचा, आणि बोलत राहायचं. मला वाढायला ड्रायव्हर स्वतः आला आणि म्हणाला, "घ्या मॅडम, आडाएवढं घ्या."

जेवण झाल्यावर मी कंपनीत फोन केला. म्हटलं, चार दिशांचे चार पर्याय पुरत नाहीत. माणूस ज्या नावाने बाजू ओळखतो ते नाव त्याला लिहू द्या, आणि फोटो जागेवरूनच काढू द्या.

"मॅडम, जोतिबा बाकीच्या गावांना कसा चालेल?" ऑफिसातल्या मुलाने विचारलं.

"ज्या गावात जो डोंगर, जो पार, जी टाकी असेल, ती चालेल," मी म्हटलं. त्याने लिहून घेतलं. बघू.

येसबांच्या घरी ट्रंकेत अशा आणखी वह्या आहेत, अर्ध्या कोल्हापूरच्या. त्या मागायचं तोंड मला राहिलं नव्हतं. निघताना त्यांनीच विषय काढला. "वह्या न्हाय द्यायचो," ते म्हणाले. "मी बोलतो, ही पोरगी लिवून घेईल. पर जाग्यावर हुबं राहून. खुर्चीत बसून न्हाय." प्रणालीने मान डोलावली. मी निघाले.

नागपूर

अ‍ॅपमध्ये एकदा केलेली नोंद पुसता येत नाही, फक्त खोडता येते. त्यामुळे माझी ती उत्तर अजून तिथे आहे, खोडलेली, आणि आता तिच्याखाली माझं नाव आहे. मी ते मुद्दाम बदलून घेतलं. तिच्या खाली नवी नोंद आहे, येसबांच्या आवाजातली. मागे ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येतं. "मी येसबा मिस्त्री बोलतोय. जोतिबाकडं तोंड करून हुबा हाय. उजव्या पायाखाली आड हाय."

परवा दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"ताई, येसबा बोलतोय, कोल्लापूर. एक इचारायचं हुतं. टाकी आता नकाशातल्या जागी, शाहूपुरी अंगाला घेतलीया. चार फुटांवर पाणी लागलं, आणि कड ढासळतीया. तुमी पुलं बांदलीसा न्हवं? नदीत खड्डा खांदताना कड कशी धरत हुतासा?"

मी उठून उभी राहिले. का ते मला माहीत नाही. मग मी सांगायला लागले. माती कसली आहे ते विचारलं, पाणी कुठून येतं ते विचारलं, आमच्याकडे गाळात आम्ही आधी बाहेरच्या बाजूला छोटा खड्डा घेऊन पाणी कसं ओढून घ्यायचो, मग वाळूच्या पोत्यांची रांग कशी लावायचो, पहिल्या पुलाला कसं फसलो आणि दुसऱ्याला कसं जमलं, सगळं. साइट सोडून अकरा वर्षं झाली, तरी एकही गोष्ट विसरले नव्हते. ते मधूनमधून "व्हय" म्हणत होते. भाजी करपली, मी गॅस बंद केला आणि बोलत राहिले.

शेवटी ते म्हणाले, "थांबा जरा, वहीत लिवून घेतो." पेन्सिलीचा खरखर आवाज मला ऐकू आला. तो बराच वेळ चालला. मग थांबला.

"कुणी सांगितलं म्हणून लिवू?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं, आडनावासकट.